कस कुणाचा, रस कुणाला?

आमच्या सीमाभागात वाढणाऱ्या मुलाला एक शब्द दोनदा शिकावा लागतो. तो शब्द म्हणजे 'कस'. आजोबा बांधावर उभे राहून मातीचे ढेकूळ हातात चुरतात आणि म्हणतात, "बघ, ह्या जमिनीत कस हाय." दुसऱ्या दिवशी शाळेत कन्नडचे मास्तर बाकाखालचे कागदाचे कपटे पाहून विचारतात, "ई कस यार हाक्यार?" हा केर कुणी टाकला? मराठीत कस म्हणजे सत्त्व आणि कन्नडात कस म्हणजे केर. मुलगा आधी गोंधळतो, मग दोन्ही अर्थ खिशात घालून मोठा होतो. मीही तसाच मोठा झालो. हेडमास्तर म्हणून निवृत्तीच्या जवळ आलो, तरी या दोन अर्थांमध्ये एवढे मोठे भांडण दडलेले असेल असे कधी वाटले नव्हते. ते दिसले एका सभेत.

सभा तालुक्याच्या गावी होती. विषय होता 'जंगलातील टाकाऊ लाकडापासून ऊर्जा'. पडद्यावर चित्रे दाखवीत वक्ते सांगत होते : तोडलेल्या झाडांचे शेंडे, फांद्या, खोडांचे बुडखे, साली, लाकूडगिरण्यांतला भुसा, रानात पडून कुजणारे ओंडके, हा सगळा कचरा आहे. तो वाया चालला आहे. एका मोठ्या भट्टीत तो जाळा, वाफ करा, वाफेवर जनित्र फिरवा आणि वीज घ्या. कोळसा एकदा संपला की संपला. लाकूड पुन्हा उगवते. शेवटी त्यांनी कन्नडातला तो सर्वांच्या तोंडी असलेला बोल ऐकवला, "कसदिंद रस." केरातून रस! टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. परतीच्या बसमध्ये मात्र मनात एकच प्रश्न घोळत राहिला. पडद्यावरच्या त्या ढिगात कस होता तो कन्नडचा की मराठीचा? आणि रस निघणार तो कुणाच्या भांड्यात पडणार?

वाचकहो, आडपडदा न ठेवता आधीच सांगतो. टाकाऊ लाकडापासून ऊर्जा करण्याला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो रानाला कचरा म्हणण्याला, आणि त्या एका शब्दाच्या आडून होणाऱ्या मालकीच्या अदलाबदलीला.

* * *

लाकूड जाळणे म्हणजेच पाप, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. गॅसवर चहा करून चुलीवाल्यांना पर्यावरणाचे धडे देणारी माणसे पाहिली की मला हसू येते. माझे बालपण भुशाच्या शेगडीवर शिजलेल्या भातावर गेले. आठवड्यातून एकदा मी आणि थोरला भाऊ गोणपाट घेऊन लाकडाच्या वखारीत जात असू. करवतीखाली साचलेला भुसा भरून घ्यायचा, वखारवाल्याच्या हातावर चार-आठ आणे ठेवायचे आणि पोते आलटून पालटून डोक्यावर घेत घरी यायचे.

ती शेगडी म्हणजे बुडाजवळ बाजूने भोक पाडलेला एक पत्र्याचा डबा. मधोमध बाटली उभी धरायची, बाजूच्या भोकातून एक गोल दांडा आडवा सारायचा आणि सभोवार भुसा ठोकून ठोकून बसवायचा. मग बाटली आणि दांडा अलगद फिरवून काढून घेतला की भुशात आपोआप धुराडे तयार. खालून एक ढलपी पेटवून सारली की शेगडी दोन-तीन तास मंद जळत राही. भुसा कोरडा असेल तर धूरही फारसा नसे. ओला असला तर मात्र आईचे डोळे लाल आणि आमच्या पाठी लाल. रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत उभे राहणे त्या डब्याने वाचवले.

यात निसर्गाचे काही बिघडत होते काय? मुळीच नाही. झाड वाढताना हवेतला कर्ब घेते. लाकूड कुजले तरी तो परत हवेत जातो, जळले तरी जातो. वखारीतला भुसा दोन-चार वर्षांत कुजणारच होता; आम्ही तो आधी जाळला आणि तेवढे रॉकेल वाचवले. हिशोब सरळ होता. पण हाच हिशोब उभ्या झाडाला लावा. चाळीस-पन्नास वर्षे थेंबे थेंबे साठवलेला कर्ब भट्टीत एका दुपारी मोकळा होतो, आणि तो परत गोळा करायला नव्या झाडाला पुन्हा चाळीस-पन्नास वर्षे लागतात. 'लाकूड पुन्हा उगवते' हे खरे आहे. कधी उगवते, आणि तोपर्यंत हवेचे काय, एवढेच सभेत कुणी विचारत नाही.

* * *

सभेनंतर काही दिवसांनी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो लाकूड कापण्याची गिरणी चालवतो. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जो आदेश दिला, त्यानंतर देशभरच्या लाकूडगिरण्यांवर बंधने आली. त्या कचाट्यातून सुटून परवान्यासह टिकलेल्यांपैकी ही एक. गोल ओंडक्यातून चौकोनी फळ्या काढायच्या म्हणजे साधारण निम्मेच लाकूड फळी होऊन बाहेर पडते. बाकीची साल, कडेच्या पाठी, ढलप्या आणि भुसा. मी विचारले, "तुझ्याकडे कचरा किती निघतो रे?"

तो हसला. "कचरा कुठला सर? भुसा पोल्ट्रीवाले न्हेतात, कोंबड्यांच्या खाली पसरायला. ढलप्या बेकरीवाले न्हेतात. साली आणि कडंच्या पाठी वीटभट्टीला जातात. पावसाच्या तोंडाला बायका येतात, त्यास्नी चार पाठी अशाच देतो. माझ्या गिरणीत वाया जातोय तो एकच माल सर, करवतीचा आवाज."

हेडमास्तरला असा धडा विद्यार्थ्याकडून मिळाला की त्याने तो वहीत उतरवून घ्यावा. मी उतरवून घेतला. ज्याला आपण कचरा म्हणतो त्याला गिऱ्हाईक नसते असे नाही. गिऱ्हाईक गरीब असते, म्हणून ते तक्त्यात दिसत नाही. उद्या मोठा कारखाना वजनकाटा मांडून बसला आणि भुशाला दुप्पट भाव देऊ लागला, तर गिरणीवाल्याचे भले होईल. पण बेकरीवाला आणि वीटभट्टीवाला जळण बंद करणार नाहीत. ते दुसरीकडून आणतील. आमच्या तालुक्यात 'दुसरीकडून' याचा अर्थ काय होतो, ते वाचकांना वेगळे सांगायला नको.

* * *

आता थोडे गणित. गणिताच्या मास्तरांच्या गैरहजेरीत मी पुष्कळ तास घेतले आहेत, तेव्हा एवढा अधिकार असावा. सातवीच्या मुलाला जमेल असे उदाहरण आहे.

दहा मेगावॅटचे वीजघर धरा. मोठ्या औष्णिक केंद्राच्या मानाने हे पिल्लूच. ते तासाला १०,००० युनिट वीज देते, दिवसाला २,४०,०००. लाकडावर वाफ करून वीज काढायची तर एका युनिटमागे सव्वा किलोच्या आसपास लाकूड धरावे लागते, तेही बऱ्यापैकी सुके. म्हणजे दिवसाला ३,००,००० किलो, म्हणजे ३०० टन. डहाळ्या आणि फांद्या गाडीत भरल्या की ट्रक भरतो पण वजन भरत नाही. एका खेपेला पाच टन गेले तरी पुष्कळ. म्हणजे रोज साठ ट्रक. दिवाळीलाही साठ, मिरगाच्या पावसातही साठ. पावसाळ्यात आमच्याकडे सायकल चिखलात रुतते त्या वाटांवरून हे साठ ट्रक रानात शिरणार आणि बाहेर येणार.

दुसरा मुद्दा पाण्याचा. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. पूर्ण सुक्या लाकडाचा एक किलो सुमारे साडेचार हजार किलोकॅलरी उष्णता देतो. निम्मे पाणी असलेला किलो दोन हजारांच्या आतबाहेरच देतो, कारण लाकूड निम्मेच असते आणि त्याच्या उष्णतेतला काही भाग ते पाणी उकळून घालवण्यात जातो. म्हणजे साठांपैकी तीस ट्रक डिझेल जाळून नुसते पाणी वाहतील. लाकूड आधी वाळवावे म्हटले तर त्याला जागा हवी, ऊन हवे, महिने हवेत. आमच्या घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर ऊन कोठून आणायचे?

"मग साखर कारखाने कशी वीज करतात?" असा प्रश्न सभेत एका तरुणाने विचारला होता. प्रश्न चांगला होता, उत्तर मात्र मिळाले नाही. ते असे. बेळगाव जिल्ह्यात उसाच्या चिपाडावर बॉयलर चालतात आणि कारखाने वीज विकतात, हे खरेच आहे. उसाच्या वजनाच्या साधारण तीस टक्के चिपाड निघते, आणि त्यातही निम्मे पाणीच असते. पण ते कारखान्याच्या आवारातच निघते. ऊस साखरेसाठी आलेलाच असतो. त्याच्या वाहतुकीचा खर्च साखर सोसते. चिपाडासाठी कुणी मुद्दाम शेतात जात नाही. रानातल्या काडीसाठी मात्र मुद्दाम रानात जावे लागते. जो टाकाऊ माल आपल्या पायांनी भट्टीच्या दारात येतो तो इंधन. ज्याच्या मागे यंत्राला धावावे लागते तो टाकाऊ उरत नाही, ती शिकार होते.

आणि शिकारीला निघालेले यंत्र उपाशी परत येत नाही. कर्ज काढून उभारलेली भट्टी एक दिवसही थंड ठेवणे परवडत नाही. पहिल्या वर्षी शेंडे-फांद्या, दुसऱ्या वर्षी वाकडी झाडे, तिसऱ्या वर्षी 'निकृष्ट वन'. कचऱ्याची व्याख्या भट्टीच्या भुकेप्रमाणे फुगत जाते.

* * *

मी हे भीती घालण्यासाठी म्हणतो असे कुणाला वाटेल. फार लांब जायला नको. आमच्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेलीला १९५० च्या दशकाच्या अखेरीस कागदगिरणी आली. आसपासच्या रानांतला बांबू तिला बाजारभावाच्या मानाने कवडीमोलाने मिळाला, कारण तो कधी संपणार नाही असा कागदोपत्री अंदाज होता. तो झपाट्याने आटू लागला, तेव्हा १९७० च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला. बांबूचा साठा आधीच कितीतरी फुगवून सांगितला होता, हे त्यातून दिसले. पण त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मी दरवर्षी नववीच्या वर्गात सांगतो.

बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. शास्त्रशुद्ध व्यवस्था म्हणून ते काढून टाकण्याची पद्धत पडली होती. दाटी कमी होईल, बेट मोकळे होईल, तोड सोपी होईल, असा विचार. म्हणजे काटे हा कचरा. गावकरी म्हणाले, काटे काढले की कोवळे कोंब गुरे खातात, रानातली जनावरे खातात. नवा बांबू येणार कसा? पाहणी झाली, आणि गावकऱ्यांचेच खरे ठरले. काट्यांचे ते जाळे म्हणजे कोंबाचे कुंपण होते. पदवीधरांना ते केर दिसले. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना त्यातला कस दिसला.

रानात पडून कुजणाऱ्या ओंडक्याचेही असेच आहे. तो वाया जात नसतो. वाळवी, भुंगेरे, अळंबी त्याला सावकाश मातीत मिसळतात. सुतार पक्षी वठलेल्या खोडात घर करतो. धनेशाला अंडी घालायला जुन्या झाडाची ढोली लागते, आणि ढोलीचे झाड लाकूडवाल्याच्या वहीत 'पोकळ, निरुपयोगी' असते. दांडेलीच्या रानात २०११ मध्ये धनेशासाठी खास राखीव क्षेत्र जाहीर झाले आणि त्याच वर्षी आमच्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य झाले. एका हाताने ढोली राखायची आणि दुसऱ्या हाताने ढोलीचे झाड कचऱ्यात मोजायचे, हे कसे जमणार?

कुणी म्हणेल, रानातला पालापाचोळा उचलला तर वणवा तरी कमी लागेल. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते जागेवर अवलंबून आहे. उत्तराखंडात चीडच्या झाडाच्या सुया लवकर कुजत नाहीत आणि उन्हाळ्यात भडकतात. त्या गोळा करून वीज आणि कांड्या करण्यासाठी त्या राज्याने २०१८ मध्ये धोरण केले. आमचे रान चीडचे नाही. आमचा पाचोळा एकदोन पावसाळ्यांत माती होतो, आणि त्याच मातीवर खालच्या शिवारातले भात उभे असते. काढायचेच असेल तर रानमोडी काढा, घाणेरी काढा. परदेशातून आलेली ही झुडपे रान गिळत चालली आहेत. ती हवी तेवढी न्या, वर चहा पाजतो.

'मग उजाड माळावर इंधनाची झाडे लावू' हा त्यापुढचा डाव असतो. तोही आपल्याकडे खेळून झाला आहे. १९८४ मध्ये कर्नाटक सरकार आणि एक धागाउद्योग यांनी मिळून कंपनी काढली आणि सुमारे ३०,००० हेक्टर जमीन निलगिरीसारख्या झाडांसाठी तिच्याकडे द्यायचे ठरवले. जमीन 'पडीक' होती. म्हणजे सातबाऱ्यासारख्या कागदांवर पडीक होती. गुरांना, शेळ्यांना आणि जळण वेचणाऱ्या बायकांना ती रोज उपयोगी पडत होती. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी तेव्हाच्या धारवाड, आताच्या हावेरी जिल्ह्यातील कुसनूरला लोकांनी निलगिरीची रोपे उपटली आणि तिथे आपल्या उपयोगाची रोपे लावली. त्या सत्याग्रहाचे नावच 'कित्तिको-हच्चिको', उपटा आणि लावा. १९९१ मध्ये ती कंपनी गुंडाळली गेली. 'पडीक' आणि 'कचरा' हे एकाच घराण्यातले शब्द आहेत. एक जमिनीला लावतात, एक लाकडाला. दोन्ही लावले की वस्तूचा जुना धनी दिसेनासा होतो.

* * *

परदेशात सारे शिस्तीत चालते, अशी आपली समजूत असते. इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात ड्रॅक्स नावाचे, पूर्वी कोळशावर चालणारे प्रचंड वीजघर आहे. २०१३ पासून त्याचे एकेक जनित्र लाकडाच्या गोळ्यांवर आणले गेले. २०१८ पर्यंत सहांपैकी चार. या गोळ्यांचा मोठा भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येतो. लाकूड भरडून, वाळवून, दाबून गोळ्या करायच्या, त्या जहाजातून अटलांटिक महासागर ओलांडून आणायच्या आणि जाळायच्या. एक युनिट विजेमागे धुराड्यातून निघणारा कर्ब वायू कोळशापेक्षा कमी नसतो, उलट थोडा जास्तच असतो. तरी वीजघराच्या हिशोबात तो शून्य धरला जातो. कारण नियम असा, की तोडलेल्या झाडाची नोंद ज्या देशात झाड पडले त्या देशाच्या जमिनीच्या खात्यात करायची. घरात पाहुण्याने जेवायचे आणि बिल शेजाऱ्याच्या वहीत मांडायचे, तसा हा प्रकार.

२००९ मध्ये युरोपीय संघाने अक्षय ऊर्जेचा निर्देश काढला आणि या नियमाला जोर आला. जानेवारी २०१८ मध्ये जवळजवळ ८०० शास्त्रज्ञांनी युरोपीय संसदेला पत्र लिहून सांगितले, की उरलेसुरले, टाकाऊ लाकूड जाळायला हरकत नाही. पण जाळण्यासाठी मुद्दाम झाडे तोडणे हा उपाय नव्हे, अपाय आहे. माझ्या आईला यातले काही ठाऊक नव्हते. पण भुसा संपला म्हणून तिने परसातला फणस कधी तोडला नाही.

आपल्या देशातही केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये कोळशाच्या वीजघरांना काही टक्के जैव गोळ्या मिसळण्याचे बंधन घातले. त्याचा रोख मुख्यतः शेतातील पेंढा आणि ताटांवर आहे, आणि शेतात पराली जाळण्यापेक्षा ते बरेच. पण गोळ्यांची मागणी एकदा कायम झाली की गोळी कशाची आहे हे कोण फोडून पाहणार?

* * *

आता मालकीकडे येतो, कारण खरा वाद तिथे आहे. संसदेने २००६ मध्ये वनहक्क कायदा केला. त्यात 'गौण वनोपज' म्हणजे काय याची यादी आहे. मध आहे, मेण आहे, लाख आहे, बांबू आहे. आणि त्याच यादीत काटक्याकुटक्या आहेत, झाडांचे बुडखेही आहेत. पिढ्यान्पिढ्या रानावर जगणाऱ्या आदिवासींचा आणि इतर पारंपरिक रहिवाशांचा या वस्तूंवर मालकी हक्क आहे, त्या गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे, असे तो कायदा म्हणतो. पडद्यावर 'कचरा' म्हणून दाखवलेल्या ढिगाचा बराच भाग देशाच्या कायद्यात 'उपज' आहे. उपजेला धनी असतो. कचऱ्याला नसतो. शब्द बदलला की धनी बदलतो, तो असा.

हा धनी, किंवा खरे म्हणजे ही धनीण, मला माझ्या हजेरीपटात दिसते. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास काही मुलींच्या नावापुढे शनिवारी गैरहजेरीची खूण असते. विचारले की मान खाली घालून उत्तर येते, "आईसंगं जळणाला गेल्ते सर." पावसाआधी पडवीत मोळ्या रचल्या नाहीत तर चार महिने चूल कशी पेटणार? २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरांत सिलिंडर आले. पण दुसरा सिलिंडर विकत घ्यायला पैसे लागतात, म्हणून तो पाहुणे आले की पेटतो. रोजचा भात चुलीवरच. या मुलींना मोळीतून सोडवील ती ऊर्जा हरित, असे मी मानतो. मोळी हिसकावून घेऊन तिची वीज दूर शहरात पाठवील आणि मुलीला आणखी दोन मैल आत रानात धाडील, तिला कोणता रंग द्यायचा ते वाचकांनी ठरवावे.

* * *

नुसते 'नको' म्हणणे सोपे असते. काय हवे तेही सांगितले पाहिजे, आणि त्यासाठी कल्पनेचे घोडे दौडवण्याची गरज नाही. आपल्याच राज्यात तुमकूर जिल्ह्यात होसहळ्ळी नावाचे खेडे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये तिथे लाकडाचा वायू करणारे लहान यंत्र बसवले. लाकडाला पुरेशी हवा न देता धुमसवले की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला ज्वलनशील वायू निघतो. तो गाळून, थंड करून डिझेलच्या इंजिनाला दिला की डिझेल पुष्कळ वाचते. गावाने स्वतःच्या छोट्या लागवडीतून लाकूड पुरवले आणि त्यावर घरांत दिवे लागले, पिण्याचे पाणी उपसले गेले, पिठाची गिरणी फिरली. दशकाहून अधिक काळ तो प्रयोग चालला. यंत्र गावाएवढे होते, म्हणून गावाला पेलले.

मराठी माणसांनीही या कामात हात राखून ठेवलेला नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटावर चालणारी वायूची भट्टी तयार केली. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची सुटसुटीत रीत बसवली. त्या कामाला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. बडोद्यात लाकडाच्या वायूची यंत्रे बनतात. खानापूर भागातल्या कौलांच्या आणि विटांच्या भट्ट्या आजही लाकूड खातात. तीच उष्णता निम्म्या लाकडात मिळाली तर तेवढे रान सुटले. भुशाच्या कांड्या करणे तर आणखी सोपे. भुसा चांगला वाळवून जोराने दाबला की घर्षणाच्या उष्णतेने लाकडातलाच लिग्निन नावाचा चिकट पदार्थ मऊ होतो आणि कांडी आपोआप बांधली जाते. गोंद लागत नाही, डांबर लागत नाही.

म्हणून माझ्या मागण्या तीनच. पहिली : भट्टी बांधण्याआधी मोजणी करा, आणि ती ग्रामसभेसमोर करा. काय उरते हे मोजा, त्याआधी ते आज कोण वापरते हे लिहा. दुसरी : जे गिरणीच्या, सुतारशाळेच्या, लागवडीच्या तोडीच्या जागी आपोआप साचते ते घ्या, नैसर्गिक रानाच्या जमिनीवर पडलेले तिथेच असू द्या. तिसरी : यंत्र उरलेल्या मालाच्या मापाचे करा. उरलेला माल यंत्राच्या मापाचा करू नका. आणि निघालेल्या उष्णतेवर पहिला हक्क जवळच्या चुलीचा, शाळेच्या स्वयंपाकघराचा, गावच्या भट्टीचा असू द्या.

एक मागणी आपल्या माणसांकडेही आहे. पाटीवर कोणती अक्षरे असावीत यासाठी आपण रस्त्यावर उतरतो, त्याबद्दल मला आदरच आहे. पण ग्रामसभेची नोटीस कन्नडात लागली म्हणून तिच्याकडे पाठ फिरवून घरी बसतो, हे मला मान्य नाही. नोटीस मराठीतही द्या असा आग्रह जरूर धरा. पण तोवर आहे ती वाचा. दोन भाषा येणाऱ्या माणसाला फसवणे अवघड असते. कागदावर 'कस' लिहिलेले दिसले की तो कोणत्या भाषेतला, एवढे विचारण्याची अक्कल या मातीने आपल्याला फुकट दिली आहे. ती वापरली नाही तर दोष कुणाला द्यायचा?

आईची ती शेगडी माळ्यावर आहे. बुडाला गंज चढला आहे. परवा दिवाळीची साफसफाई करताना नातू म्हणाला, "आजोबा, हे भंगारात देऊया का?" मी म्हटले, "ठेव बाबा. पुसून खाली आण." यंदा ती नववीच्या वर्गात नेऊन पेटवून दाखवणार आहे. भुसा माझा विद्यार्थी देणार आहे, मात्र तो म्हणाला, "सर, पोतं एकच मिळंल. बाकीचा पोल्ट्रीवाल्याला सांगिटलाय."